फसफसलं म्हणजे साफ झालं?

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी गोव्यातलं एकही घर जागच्या जागी राहत नाही. माळ्यावरून गणपतीवर फळं-पानं टांगायच्या माटोळीची चौकट खाली येते, समया आणि पाणी तापवायची तांब्याची भाणं अंगणात येतात, रंगारी शिडी लावतो आणि कोणाच्या तरी हातात ॲसिडची बाटली येते. त्यामुळे चवथीनंतर या सदराला येणाऱ्या पत्रांचा विषय पाकीट फोडण्याआधीच मला ठाऊक असतो. यंदा त्या एकाच बाटलीबद्दल इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले तरी गाव मला टीचरच म्हणतो, म्हणून पत्रांतलं संबोधन तसंच ठेवलंय.

बाटलीत असतं ते हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे पाण्यात विरघळवलेला हायड्रोजन क्लोराइड वायू. दुकानातल्या तीव्र ॲसिडमध्ये हा वायू वजनाने साधारण ३० टक्के असतो, प्रयोगशाळेतल्या बाटलीत ३६-३७ टक्के. पूर्वी मिठावर गंधकाम्ल ओतून ते करत, म्हणून त्याला लवणाम्ल असंही नाव आहे.

प्रश्न : टीचर, आमचं माशेलचं घर पणजोबांच्या काळचं. बाल्कांवाकडच्या, म्हणजे दारापुढच्या बसायच्या सोप्याकडच्या, दोन खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं आहेत. त्यांच्यावर उडालेला चुना काढायला रंगाऱ्याने पाण्यात ॲसिड घालून फडकं मारलं. फेस आला, तर म्हणाला, “बघा, मळ निघतोय.” सुकल्यावर तावदानं पांढुरकी नि खरखरीत झाली, दोन ठिकाणी तर कोपरेच गेले. पूर्वीसारखी होतील का?
— एक वाचक, माशेल

उत्तर : मळ निघत नव्हता, तुमची खिडकी निघत होती.

ही तावदानं म्हणजे एका चपट्या, पातळ कालवाच्या शिंपा. कडा कापून चौकोनी करायच्या आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवायच्या. काच महाग होती तेव्हा खाडीतल्या शिंपीने ते काम केलं, आणि ऊन गाळून घरात जो दुधी उजेड यायचा तो काचेतून कधी आला नाही. शिंप जवळजवळ सगळी कॅल्शियम कार्बोनेटची असते. तिला हे आम्ल लागलं की असं होतं :

कॅल्शियम कार्बोनेट + हायड्रोक्लोरिक आम्ल → कॅल्शियम क्लोराइड + पाणी + कार्बन डायऑक्साइड

तुम्ही पाहिलेला फेस हा त्यातला कार्बन डायऑक्साइड. कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळून फडक्याबरोबर बादलीत गेलं. हिशेबच मांडायचा तर १०० ग्रॅम शिंप ७३ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड खाते आणि आपल्या हवामानात सुमारे २५ लिटर वायू सोडते. दुकानातलं एक लिटर तीव्र ॲसिड जवळजवळ पावणेपाचशे ग्रॅम शिंपांची वाट लावू शकतं. ही शिंप अभ्रकासारखी पापुद्र्यापापुद्र्यांची असते. वरचे पापुद्रे ठिकठिकाणी कमीजास्त खाल्ले गेले, म्हणून पृष्ठभाग खडबडीत झाला आणि उजेड विखरून पांढुरका दिसू लागला. कडा मुळातच पातळ, त्या आधी गेल्या.

पूर्ववत होणार नाहीत. घासून चमक आणायला जाल तर राहिलेलंही जाईल. भरपूर साध्या पाण्याने धुवा, म्हणजे खाचांत मुरलेलं आम्ल तरी निघेल, नाहीतर ते चौकटीच्या खिळ्यांना लागेल. फुटलेल्या शिंपा बदलाव्याच लागतील. जुनी घरं मोडतात तिथे सुतारांकडे चौकशी करून बघा.

आता यातली खरी गोम सांगते. चुन्याचा डाग आणि शिंप ही रसायनशास्त्राच्या नजरेला एकच वस्तू आहे. आपल्याकडे जुना चुना शिंपा भाजूनच करत. भाजली की शिंपेतला कार्बन डायऑक्साइड उडून कळीचा चुना राहतो, तो पाण्यात विझवायचा, आणि भिंतीवर बसला की वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेऊन तो पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. म्हणजे शिंपेची पुन्हा शिंप. तेव्हा जे आम्ल चुना काढेल ते तावदानही काढेल. व्हिनेगर नि लिंबूसुद्धा, फक्त सावकाश. चुना उडालाच तर ओल्या फडक्याने मऊ करून बांबूच्या चिपेने खरवडायचा.

आणि रंगाऱ्याला घराच्या चिऱ्यांपासूनही लांब ठेवा. जांभ्यावर ॲसिडचा थेंब टाकला तर तो ढिम्म बसतो, कारण चिरा हा लोखंडाच्या नि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा, त्यातून निघायला वायूच नाही. पण दोन चिऱ्यांमधल्या जुन्या चुन्याच्या सांध्यावर टाका, लगेच चरचरेल. मी हे वर्गात चिऱ्याचा तुकडा आणून दाखवायचे. मुलं चिऱ्याकडे बघत राहायची, मी म्हणायची, भिंत पडते ती सांध्यातून.

प्रश्न : न्हाणीतल्या लाद्या काही केल्या निघेनात. आधी ॲसिड टाकलं होतं, त्यावरच कपड्यांचं ब्लीच ओतलं. दोन्ही जालीम, तर एकत्र आणखी चांगलं काम करतील असं वाटलं. एकदम हिरवट वाफ आली, डोळे चुरचुरले, छातीत कोंडलं. मी बाहेर पळाले. दोन दिवस खोकला होता. नेमकं काय झालं?
— एक गृहिणी, म्हापसा

उत्तर : बाई, पळालात हे फार चांगलं केलंत. तुम्ही न्हाणीत क्लोरीन तयार केलात.

ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं. त्याला हायड्रोक्लोरिक आम्ल भेटलं की मीठ, पाणी आणि क्लोरीन वायू तयार होतो. गंमत बघा, या तिन्हींतलं पहिलं आपण जेवणात घालतो, दुसरं पितो आणि तिसऱ्याने माणूस मरतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांकडे सोडला तो हाच वायू. विहिरीत टाकतो त्या ब्लीचिंग पावडरीवर ॲसिड पडलं तरी हेच होतं, आणि संडास धुवायच्या निळ्या द्रवातही बहुधा हेच आम्ल असतं, म्हणून “मी ॲसिड नव्हे, क्लीनर वापरला” हे उत्तर चालायचं नाही.

क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड. तो वर जात नाही, जमिनीलगत साठतो, आणि लाद्या घासणारी बाई उकिडवी बसलेली असते. छोटी न्हाणी, वर हातभर झरोका. मुद्दाम सापळा लावल्यासारखी ही रचना आहे. असं झालं तर नाकावर ओला रुमाल धरून पुढे साफ करत बसायचं नाही. बाहेर यायचं, दार उघडं टाकायचं, पोरांना तिकडे फिरकू द्यायचं नाही. धाप लागली किंवा छाती भरून आली तर त्याच दिवशी डॉक्टर. फुप्फुसात पाणी होण्याचा त्रास कधीकधी काही तासांनी सुरू होतो, त्यामुळे “आता बरं वाटतंय” यावर विसंबू नका.

तुम्हाला हसायचा मला अधिकार नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हा वायू हौसेने करून दाखवला. पद्धत जुनीच, १७७४ साली स्वीडनच्या शेलेने वापरली ती : मँगनीज डायऑक्साइडच्या काळ्या भुकटीवर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, मग थोडी ऊब. शेलेला हे नवं मूलद्रव्य आहे हे कळलं नव्हतं, ते १८१० मध्ये हंफ्री डेव्हीने सांगितलं आणि रंगावरून नाव ठेवलं. मला मात्र सगळं कळत होतं. कळत नव्हतं ते एवढंच की जुलै महिना आहे, पाऊस आत येतो म्हणून शिपायाने खिडक्या लावल्यात आणि धुराड्याचा पंखा गेल्या वर्षापासून बंद आहे. चाळीस मुलं खोकत पटांगणात. तेव्हापासून खिडकीची कडी बघितल्याशिवाय मी कुठलीच बाटली उघडत नाही.

प्रश्न : आमच्याकडे न्हाणीत पाणी तापवायचं तांब्याचं भाण आहे, आणि पितळेच्या सहा समया. भाण ॲसिडने क्षणात लखलखलं. समया मात्र गुलाबी पडल्या! शिवाय लहानपणी कल्हईवाला यायचा, तो पांढरी पूड टाकायचा नि ढगासारखा धूर निघायचा. त्या पुडीत काय असायचं?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : या पत्राने मला अर्धा दिवस आमच्या जुन्या अंगणात नेऊन बसवलं.

आधी भाण. शुद्ध तांब्याला हे आम्ल एकटं काही करत नाही. तांबं हायड्रोजनला त्याच्या जागेवरून उठवू शकत नाही, म्हणून बुडबुडे नाहीत. पण भाणावर काळं चढतं ते कॉपर ऑक्साइड. ते आम्लात विरघळून हिरवट-निळं कॉपर क्लोराइड आणि पाणी होतं, खालचं तांबं उघडं पडतं. इथे फेसाचा पत्ता नाही, आणि तरी साफ झालं. आपल्या आज्या आमसूल नि मीठ लावून घासायच्या तेही याच वाटेने जाणारं, फक्त हळू आणि हात न भाजणारं : आंबटपणा आमसुलाचा, क्लोराइड मिठाचं.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. जस्त हायड्रोजनला सहज उठवतं, झिंक क्लोराइड होऊन निघून जातं. वरच्या थरातलं जस्त गेलं, तांबं मागे राहिलं, म्हणून समई लाजल्यासारखी गुलाबी. घाबरू नका, थर अगदी पातळ असतो. पितांबरी किंवा चिंच-राख घेऊन नेटाने घासलीत की खालचं पिवळं वर येईल. पुन्हा मात्र ॲसिड नको.

आता कल्हई. ती पूड नवसागराची, म्हणजे अमोनियम क्लोराइड. आमच्याकडे येणारा कल्हईवाला अंगणात खड्डा खणून कोळसे पेटवायचा, मी भात्याची साखळी ओढायला मिळेल म्हणून त्याच्याजवळ बसायची. भांडं तापून तांब्याचा रंग बदलला की तो चिमूटभर नवसागर टाकायचा, कथलाची काडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने एकच गोल हात. आत चांदी! त्या एका हातात केवढं रसायनशास्त्र आहे. उष्णतेने नवसागराचे दोन तुकडे होतात, अमोनिया आणि आपला हायड्रोजन क्लोराइड. हा हायड्रोजन क्लोराइड तापल्या तांब्यावरचं ऑक्साइड खाऊन टाकतो. ऑक्साइड असेपर्यंत कथील तिथे धरत नाही, तव्यावरच्या पाण्यासारखं गोळे होऊन पळतं. ते गेलं की २३२ अंशांना वितळणारं कथील पसरून चिकटतं. उरलेले दोन्ही वायू वर थंड हवेत भेटतात आणि पुन्हा नवसागर होतात, अतिबारीक कणांचा. तुम्ही पाहिलेला ढग म्हणजे तोच. घशाशी जी खारट-तिखट चव यायची ती अजून माझ्या जिभेवर आहे.

भाणात पाणी फक्त आंघोळीचं तापत असेल तर कल्हई नसली तरी चालेल. स्वयंपाकाचं, विशेषतः कोकम-चिंचेचं काही तांब्या-पितळेत करणार असाल तर कल्हई हवीच.

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. लोखंड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड यांपासून फेरस क्लोराइड मिळतं की फेरिक? टीचरनी फेरस सांगितलं, पण प्रॅक्टिकलला माझं द्रावण पिवळं झालं.
— विद्यार्थिनी, साखळी

उत्तर : तुझ्या टीचर बरोबर, आणि तुझे डोळेही बरोबर. तू खिळा गंजलेला घेतलास.

चकचकीत खिळा विरल आम्लात टाक. त्याच्या अंगावर बारीक मण्यांसारखे बुडबुडे बसतील, सुटतील, पुन्हा बसतील. हा हायड्रोजन, जळती काडी नळीच्या तोंडाशी नेलीस की “पॉप” करेल. द्रावण फिकट हिरवं, फेरस क्लोराइडचं. ५६ ग्रॅम लोखंड आणि ७३ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड यांपासून १२७ ग्रॅम फेरस क्लोराइड आणि २ ग्रॅम हायड्रोजन. बेरीज करून बघ, जुळते.

गंज हा फेरिक ऑक्साइड. तो आम्लात विरघळला की पिवळं फेरिक क्लोराइड आणि पाणी होतं, वायू नाही. तुमच्या बाजूच्या खाणींतलं लाल खनिज, हेमाटाइट, तेही फेरिक ऑक्साइडच. त्याची भुकटी गरम तीव्र आम्लात ठेवलीस तर हळूहळू असाच पिवळा रंग उतरेल (एकटीने करू नकोस). हिरवं द्रावण उघडं ठेवलंस तरी हवेतल्या ऑक्सिजनमुळे ते पिवळं होत जातं. पण लोखंड शिल्लक असेपर्यंत ते फेरिकला परत फेरस करत राहतं, म्हणून खिळा काढून घे, मग पिवळेपणा लवकर दिसेल. परीक्षेत फेरस लिही. फेरिक क्लोराइड लोखंडापासून थेट हवं असेल तर तापल्या लोखंडावर कोरडा क्लोरीन न्यावा लागतो.

प्रश्न : माझं वय ७२. जळजळ झाली की चमचाभर खाण्याचा सोडा पाण्यातून घेतो, ढेकर येतो नि मोकळं वाटतं. नातू म्हणतो, “आजोबा, तुमच्या पोटात बाथरूमचं ॲसिड आहे.” खरं का?
— एक ज्येष्ठ वाचक, केपे

उत्तर : नातू खरं बोलतोय, फक्त पोटातलं फार पातळ असतं. जठररसात हायड्रोक्लोरिक आम्ल आहे हे विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टराने १८२४ साली प्रसिद्ध केलं. सोडा त्याच्याशी मिळून मीठ, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करतो. ढेकर तो कार्बन डायऑक्साइडचा, माशेलच्या खिडकीवरचा फेस तोच. पण ५ ग्रॅम सोड्यात सव्वा ग्रॅमहून अधिक सोडियम असतं, आणि दिवसाकाठी २ ग्रॅमच्या आत राहा असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. रक्तदाब असेल तर हा चमचा रोजचा नको. मॅग्नेशियम नि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची औषधं तेच काम वायूशिवाय करतात (पहिल्याने पोट सुटतं, दुसऱ्याने धरतं, म्हणून दोन्ही एकत्र घालतात). पण वारंवार जळजळ होत असेल तर मला पत्र लिहू नका, डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : दारावर आलेल्या माणसाकडून पाण्याच्या बाटलीत ॲसिड घेतलं. ते पिवळं आहे. भेसळ असेल का? तपासायला थोडं पाठवू का?
— एक वाचक, कुडचडे

उत्तर : शुद्ध हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यासारखं रंगहीन असतं. बाजारातल्याला पिवळा रंग बहुधा लोखंडामुळे येतो, साखळीच्या मुलीच्या खिळ्याचं फेरिक क्लोराइड ते हेच. फरशीला या रंगाने वेगळा फरक पडत नाही, पांढऱ्या लादीवर मात्र पिवळट डाग राहू शकतो. स्टीलच्या नळावर आणि मोरीच्या जाळीवर तर कुठल्याच रंगाचं नको : क्लोराइड स्टीलवरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ पडदा फोडतं आणि बारीक भोकं पाडतं.

मला काळजी रंगाची नाही, बाटलीची आहे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या सुट्या विक्रीवर निर्बंध घातले : विकणाऱ्याने नोंदवही ठेवायची, ओळखपत्र बघायचं, अठराच्या आतल्याला द्यायचं नाही. दारावरच्या माणसाने यातलं काही केलं नसणार. आणि पाण्याच्या बाटलीत ते तुमच्या घरात कुठे ठेवलंय? न्हाणीत, की फ्रीजजवळ? आज जाड मार्करने दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत “ॲसिड” लिहा, वरच्या फळीवर कुलपात टाका, आणि पातळ करायचं झालं तर आधी बादलीत पाणी, मग त्यात ॲसिड, उलट नाही. अंगावर उडालं तर सोडा शोधत बसू नका, नळाखाली पंधरा-वीस मिनिटं.

तपासायला मात्र पाठवू नका. गेल्या वर्षी एकाने पाठवलं होतं, फेणीच्या बाटलीत, टपालाने. झाकण पत्र्याचं होतं. पाकीट माझ्या हातात आलं तेव्हा झाकणही नव्हतं आणि पत्त्याचा अर्धा भागही. पोस्टमनने मला एवढंच विचारलं, “टीचर, ह्यात लोणचं होतं काय?”